मिरीच्या वाटेवर एक दुचाकी

सांगली-कोल्हापूरकडून श्रवणबेळगोळला जाणारे यात्रासंघ बहुधा रात्रीच निघतात. आरामगाडी संध्याकाळी मंदिरासमोर उभी राहते, डबे आणि पाण्याची भांडी चढतात, णमोकार म्हटला जातो, आणि पहाटे डोळे उघडावेत तो खिडकीबाहेर हासनकडच्या नारळीच्या बागा धावत असतात. मधला सारा कर्नाटक झोपेत निघून गेलेला असतो. परतताना धर्मस्थळ, वेणूर, मूडबिद्री, कारकळ ही क्षेत्रे दोन दिवसांत होतात. गाडी थांबते, दर्शन होते, गाडी निघते. यात दोष काढण्यासारखे काही नाही. वृद्ध माणसे, लेकरे आणि स्वयंपाकाचे साहित्य घेऊन निघालेल्या पन्नास-साठ जणांच्या संघाला याहून निराळे जमणारही नाही. मात्र ही क्षेत्रे ज्या वाटेवर वसली ती वाट अशा प्रवासात कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ती वाट व्यापाऱ्यांची होती. घाटावरची मिरी बैलांच्या पाठीवरून समुद्राकडे उतरत होती, आणि तिच्या पैशातून बसद्यांचे खांब उभे राहत होते.

सांगलीच्या हळदपेठेत अडत दुकान असलेल्या एका घरातील पंचवीस वर्षांचा मुलगा गेल्या मार्गशीर्षात या वाटेने एकटा गेला. वाहन मोटारसायकल, मुक्काम तंबूत, बरोबर कॅमेरा. या घरातून आजवर कोणी एकटे यात्रेला गेले नव्हते आणि तंबूत तर कोणीच झोपले नव्हते. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तो तीन वर्षे दुकानाच्या गादीवर बसत होता, आणि सुटीच्या दिवशी लोकांच्या लग्नांत छायाचित्रे काढत होता. या दोहोंपैकी त्याचे काम कोणते, हा प्रश्न घरात सर्वांना ठाऊक होता. तो कोणी उच्चारत मात्र नव्हते. डिसेंबरात पेठ सुस्त असते, नवी हळद यायला फेब्रुवारी उजाडतो. वडील म्हणाले, “दहा दिवस घे. परत आलास की बोलू.” अटी तीन होत्या. दुपारी चारनंतर गाडी चालवायची नाही, सूर्यास्तापूर्वी घरी फोन करायचा, आणि खर्चाचा पै-पैचा रोजमेळ ठेवायचा.

गाडी नवी नव्हती. दुकानाच्या वसुलीसाठी गावोगाव फिरलेली १५० सी.सी.ची ती जुनी दुचाकी होती. कातडी पिशव्या घ्यायच्या नव्हत्याच. पेठेत ताडपत्री शिवणाऱ्याकडून दोन खोगीरपिशव्या करून घेतल्या. सामान बांधायचे शिक्षण दुकानातल्या हमालांनी दिले. ट्रक भरताना जड पोती खाली आणि चाकांच्या मध्ये जातात, हलकी वर राहतात, हाच नियम दुचाकीलाही लागू पडतो. उंच आणि मागे ओझे लादले की पुढचे चाक हलके होते आणि वळणावर गाडी ऐकत नाही. म्हणून चूल, भांडी व हत्यारे पिशव्यांच्या तळाशी गेली. अडीच किलोचा तंबू आणि अंथरूण आडवे, सीटवर. गाठ हमालांची, एका ओढीत सुटणारी. कॅमेरा तेवढा पिशवीत गेला नाही. इंजिनाच्या सततच्या थरथरीने भिंगाचे स्क्रू सैल होतात, ती थरथर माणसाच्या अंगात जिरते, म्हणून तो पाठीवरच्या पिशवीत राहिला. शिधा म्हणजे मुगाची खिचडी कालवून ठेवलेली, भडंग, खाकरे, मेतकूट, गूळ, आणि पाणी गाळायचे दुपदरी फडके.

तंबूत राहणाऱ्यांची म्हणून जी शिस्त सांगितली जाते, ती आणि घरातली शिस्त यांत फारसे अंतर नाही, हे एक नवल. उजेड असतानाच जागा निवडावी, उजेडातच शिजवावे, खरकटे उघडे टाकू नये, अंधार पडल्यावर चूल पेटवू नये. अनुभवी भटके हे सोयीसाठी सांगतात. चौविहार पाळणाऱ्या घरात ते लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. भटक्यांना अतिशय प्रिय असलेली शेकोटी मात्र या मुलाने एकदाही केली नाही. ज्वाळेवर झेपावणारे किडे मोजत बसण्यात कसला आनंद! तंबूत तो दिवाही क्षणभरच लावी. जाळीचे दार माणसाला डासांपासून वाचवते, तसे डासांनाही माणसाच्या हातापासून वाचवते.

पहिल्या दिवशी मिरज, चिकोडी, संकेश्वरमार्गे साडेदहाच्या सुमारास बेळगाव आले. किल्ल्यातील कमल बसदी इ.स. १२०४ची, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या मंत्र्याने बांधलेली. मंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली लोंबते, आणि त्याच्या पाकळ्यांवर इतके बारीक काम आहे की मान दुखेपर्यंत वर पाहावे. येथे त्याने स्वतःपुरता एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला. गर्भगृहाकडे कॅमेरा वळवायचा नाही, आणि कुठेही आधी दर्शन, मग छायाचित्र. गळ्यात कॅमेरा असला की डोळे हात जोडण्याआधी चौकट शोधू लागतात. ही सवय लग्नाच्या मांडवात उपयोगी पडते. देवासमोर तिचे काय काम?

खानापूर, हल्याळ, यल्लापूर. सागाची रांग संपून सुपारीच्या बागा सुरू होतात तेथे साडेतीन वाजले. सुपारीचा हंगाम चालू होता. एका बागाईतदाराच्या अंगणात तंबू लावण्याची परवानगी मिळाली, ती दोन शब्दांमुळे. त्या वृद्ध गृहस्थांनी कन्नडमध्ये गाव विचारले, मुलाने मोडक्या कन्नडमध्ये “सांगली” म्हणून सांगितले, आणि ते लगेच म्हणाले, “अरिशिन!” अरिशिन म्हणजे हळद. मालाने गावाची ओळख माणसाच्या आधी पोचवलेली असते. सूर्य मावळण्याआधी खिचडी झाली, फोन झाला. रात्री पडवीत बायका रांगेने सुपारी सोलत बसल्या आणि हा मुलगा त्यांच्यात बसून सोलाईचा दर, उकडलेल्या लाल सुपारीचा भाव, तूट किती धरतात, असे सगळे विचारत राहिला. त्या रात्रीची छायाचित्रे पुढे त्याच्या संग्रहातील उत्तम ठरली. बहुधा कारण असे की तो आधी अडत्याचा मुलगा म्हणून तासभर बसला होता. कॅमेरा बाहेर आला तोवर तो त्यांना परका उरला नव्हता.

झोप मात्र आली नाही. तंबूवर पडलेले प्रत्येक पान जनावर वाटत होते. भीतीने त्याने सगळी झडप्या-दारे घट्ट लावून घेतली, आणि पहाटे श्वासाचीच वाफ थेंब होऊन आतून अंथरुणावर टपकू लागली. दुसऱ्या रात्रीपासून वरच्या खिडक्या उघड्या राहिल्या.

शिरसी, सिद्धापूर करत जोगचा धबधबा आला आणि मागे पडला. अडीचशे मीटरवरून पडणाऱ्या शरावतीचे चित्र जगाने इतके काढले आहे की आणखी एकाची गरज नव्हती. खरा मुक्काम त्याच नदीच्या काठाने घाट उतरून गेल्यावर होता, गेरसोप्पाला.

गेरसोप्पा हे नाव आपल्या समाजातही आता फार थोड्यांच्या तोंडी असते. सोळाव्या शतकात ते मिरीच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. येथील साळुव घराणे जैन. त्या घराण्यातील राणी चेन्नभैरादेवी हिने इ.स. १५५२ पासून ५४ वर्षे राज्य केले असे मानले जाते. इतकी वर्षे सलग राज्य करणाऱ्या स्त्रिया आपल्या इतिहासात विरळाच. पोर्तुगीज तिला ‘मिरीची राणी’ म्हणत. हे नाव कौतुकाचे होते तितकेच नाइलाजाचेही, कारण घाटावरची मिरी होन्नावर-भटकळच्या बंदरांत यायची ती तिच्या मुलखातून, आणि तिच्याशी कधी लढून, कधी तह करून त्यांना ती घ्यावी लागे. कुमठ्याजवळ अघनाशिनीच्या मुखाशी असलेला मिर्जानचा जांभ्या दगडाचा किल्लाही तिच्याच नावाने सांगतात. अखेर केळदीच्या नायकांनी तिचा पराभव केला आणि तिचे शेवटचे दिवस कैदेत गेले. राजधानीवर रान आले.

रस्ता शेवटी झाडीत शिरतो, आणि अचानक मोकळवनात चतुर्मुख बसदी उभी राहते. चार दिशांना चार दारे, आत चार दिशांना पाहणाऱ्या चार जिनमूर्ती. शिखर नाही, गर्दी नाही, पुजाऱ्याची हाकही नाही. पुरातत्त्व खात्याने राखलेले गवत आणि पाखरांचा आवाज. भोवतीच्या रानात आणखी बसद्या आहेत, लेख कोरलेल्या शिळा आहेत. मुलाने आधी चारही दारांशी हात जोडले आणि मग दीड तास बसून राहिला. दुपारी पूर्वेचे दार अंधारात होते आणि पश्चिमेच्या दारातून ऊन आत येऊन मूर्तीच्या मांडीपर्यंत पोचले होते. आरपार दिसणाऱ्या त्या वास्तूत उजेड एका दारातून शिरतो आणि दुसऱ्या दारापर्यंत पोचता पोचता विझतो. कॅमेऱ्याला असा फरक एका चौकटीत पकडता येत नाही. उजळ भाग सांभाळला तर आतला काळोख होतो. त्याने काळोख राहू दिला.

पेठ कशी मरते याचा विचार व्यापाऱ्याच्या मुलाला येथे सुचणे साहजिक होते. गेरसोप्पाचा माल कधी संपला नाही. मिरी आजही त्याच डोंगरात पिकते. त्या संध्याकाळी ज्या शेतकऱ्याच्या आवारात नदीकाठी तंबू लागला त्याच्या सुपारीच्या प्रत्येक खोडावर मिरीची वेल चढलेली होती. माल राहिला, वाट बदलली. सांगलीत हळदीचे पेव असलेली कितीतरी जुनी घरे आज गोदामांच्या आणि वायदेबाजाराच्या काळात वेगळे धंदे शोधत आहेत, आणि या मुलाच्या घरीही ‘पुढे काय’ हा विषय निघतो तो यामुळेच. त्या रात्री रोजमेळात खर्च लिहिला गेला ४० रुपयांचा, दूध आणि केळ्यांचा. खाली एक ओळ होती : “मिरी वाळवून ठेवता येते. गाव ठेवता येत नाही.”

तिसऱ्या दिवशी होन्नावरला समुद्र दिसला. भटकळला जट्टप्पा नायकाची चंद्रनाथ बसदी पाहिली. उतरत्या दगडी छपरांची ही बसदी दुरून एखाद्या जुन्या वाड्यासारखी वाटते. संध्याकाळी मरवंते, जेथे महामार्गाच्या एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी आहे. नारळीखाली सावली पाहून तंबू उलगडला, तोच बागेच्या मालकिणीने येऊन तो हलवायला लावला आणि बोटाने वर दाखवले. नारळ कोणाला विचारून पडत नाही. समुद्राची खारी हवा भिंगावर बसते, म्हणून सकाळी पहिले काम कॅमेरा पुसण्याचे आणि दुसरे गाडीची साखळी पुसून तेल देण्याचे झाले.

कारकळच्या टेकडीवर भगवान बाहुबलींची सुमारे ४२ फुटांची मूर्ती इ.स. १४३२ मध्ये वीर पांड्य भैररसाने स्थापन केली. मोकळ्या खडकावर आभाळाखाली उभी असलेली ही मूर्ती पायथ्याशी जाऊन टिपली तर चित्रात ती मागे झुकलेली दिसते, कारण कॅमेरा वर करावा लागतो. हा दोष भिंगाचा नव्हे, जवळिकीचा. समोरच्या टेकाडावर इ.स. १५८६ची चतुर्मुख बसदी आहे. तिच्या पायऱ्यांवरून लांब भिंगाने पाहिले की भगवान सरळ उभे राहतात, आणि त्यांच्या मानाने टेकडी, झाडे, माणसे किती लहान आहेत तेही कळते.

मूडबिद्रीला त्या रात्री धर्मशाळा मिळाली. पाच रात्री तंबूत गेल्या आणि चार छपराखाली. त्या चारांतली ही पहिली. जैनकाशी म्हणून गौरवलेल्या या गावात १८ बसद्या आहेत आणि त्यांत त्रिभुवनतिलकचूडामणी अर्थात साविर कंबद बसदी, म्हणजे हजार खांबांची बसदी, इ.स. १४३०ची. येथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे दगडाच्या देवालयालाही लाकडी घरासारखी उतरती छपरे. एकासारखा दुसरा खांब नाही असे सांगतात. संघाबरोबर आलेल्यांना ते तपासून पाहायला वेळ नसतो. या मुलाकडे पूर्ण सकाळ होती. तो खांब मोजत बसला नाही. तो जोत्याकडे, गुडघ्याच्या उंचीवरच्या नक्षीकडे पाहत वाकून फिरला, आणि भैरादेवी मंडपाच्या जोत्यावर त्याला जिराफ दिसला.

जिराफ! आफ्रिकेचा प्राणी, आणि जवळच चिनी धाटणीचा ड्रॅगन. अभ्यासक ही शिल्पे दूरदेशांशी असलेल्या व्यापाराची खूण मानतात. ज्या काळात ही बसदी उभी राहत होती त्याच काळात चिनी ताफे अरबी समुद्रातून ये-जा करत होते आणि आफ्रिकेचा जिराफ चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेल्याची नोंद आहे. मूडबिद्रीच्या पाथरवटाने तो प्राणी डोळ्यांनी पाहिला की खलाशांच्या तोंडून ऐकला, हे त्या दगडालाच ठाऊक. बंदराहून आलेली एखादी गोष्ट त्याला इतकी आवडली की त्याने ती मंदिराच्या पायात कोरली, आणि ज्यांच्या पैशाने काम चालले होते त्या श्रेष्ठींनी त्याला हरकत घेतली नाही, एवढे मात्र खरे. तीन पायांचा आधार जमिनीलगत उतरवून, तिरप्या उन्हाची वाट पाहून, त्याने त्या वीतभर शिल्पासाठी पाऊण तास खर्च केला.

याच गावाने धवला, जयधवला आणि महाधवला या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रीय प्रती शतकानुशतके जपल्या. षट्खंडागमावरील धवला टीकेचा पहिला भाग डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली इ.स. १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला तो आपल्या अमरावतीहून, आणि त्यासाठीचा निधी भेलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशेच्या, शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांनी दिला होता. व्यापाऱ्याचा पैसा येथेही ग्रंथापर्यंत पोचला.

मूडबिद्रीहून वेणूर जेमतेम वीस किलोमीटर. तेथेच घात झाला. फल्गुनी नदीच्या अलीकडे मागचे चाक बसले. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये खिळा गेला होता. भोक कानशीने साफ करून त्यात रबराची वात भरायची, आणि हातपंपाने हवा मारायची, हे त्याने गच्चीवर दोनदा करून पाहिले होते. भर रस्त्यावर, सामान उतरवून, थरथरत्या हातांनी करताना त्याला तासाहून अधिक वेळ लागला. वेणूरला पोचून इ.स. १६०४ मध्ये तिम्मण्ण अजिलाने स्थापिलेल्या भगवान बाहुबलींचे दर्शन झाले. ही मूर्ती आपल्या गावाची शान कमी करील म्हणून कारकळच्या राजाने ती मागितली, आणि अजिलाने ती नदीच्या वाळूत पुरून लपवली, अशी कथा तेथे ऐकायला मिळते. पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या भगवंतांच्या मुखावर मावळतीचे ऊन होते. प्रवासातला सर्वांत सुंदर उजेड तोच, आणि त्यातच त्याचा घात पूर्ण झाला. छायाचित्रे संपली तेव्हा सूर्य गेला होता. शिजवलेले काही नव्हते. चारची अटही मोडली होती.

घरी फोन केला तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, “जेवलास?” उत्तर ऐकून ते काही बोलले नाहीत.

भाताच्या कापलेल्या शेताकडेला तंबू लावायची परवानगी मागायला तो एका घरी गेला. घरातल्या आजोबांनी आत बोलावले, पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने हात जोडून नाही म्हटले, सूर्य मावळला आहे असे खुणेने सांगितले. तांब्या तसाच राहिला आणि ते गृहस्थ मोठ्याने हसले. त्यांच्या घराची चूलही केव्हाच विझली होती. तुळू बोलणारे ते जैन कुटुंब, आणि तो तांब्या केवळ आलेल्याचा मान म्हणून. दोन घरांत एकही भाषा समान नव्हती; तरीही ओसरीवर बसून दोघांनी मिळून णमोकार म्हटला, आणि मुलगा उपाशीपोटी तंबूत गेला. रोजमेळात त्या दिवशी जेवणाच्या रकान्यात शून्य आहे. सकाळी सूर्योदयानंतर नीर डोसे, गूळ आणि ओले खोबरे, पोट भरेपर्यंत. पैसे कोणी घेतले नाहीत, म्हणून तो रकानाही शून्यच.

त्यानंतर धर्मस्थळाचे दर्शन घेऊन चारमाडीचा घाट चढून तो घाटमाथ्यावर आला, आणि संध्याकाळपर्यंत, या खेपेस तीनच्या आतच, हळेबीडला पोचला. होयसळांच्या या राजधानीत लोक होयसळेश्वर पाहून परततात. थोडे पुढे चालत गेले तर तीन जैन बसद्या एका ओळीत आहेत. त्यांपैकी पार्श्वनाथ बसदी इ.स. ११३३ची, सेनापती गंगराजाच्या मुलाने, बोप्पाने, वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेली. तिचे काळे खांब इतके घोटून गुळगुळीत केले आहेत की जवळ उभे राहणाऱ्याला आपली आकृती वाकडी, लांबट दिसते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने ही मोठी अडचण, कारण कोठेही उभे राहिले तरी चित्र काढणारा चित्रात येतो. मुलगा कोन बदलत राहिला, आणि शेवटी एका चित्रात स्वतःला राहू दिले.

श्रवणबेळगोळला निघण्यापूर्वी आज्जीने एक मागणी केली होती. इ.स. १९८१ मध्ये मूर्तीला हजार वर्षे झाली तेव्हाच्या महामस्तकाभिषेकाला ती संघाबरोबर गेली होती आणि विंध्यगिरी पायी चढली होती. आता गुडघे चालत नाहीत. ती म्हणाली, “बाळा, भगवंतांचं मुख मला दाखव. मी पाहिलं होतं तसं.”

अनवाणी साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या चढून तो सूर्योदयाला वर पोचला, आणि त्याला आपली अडचण समजली. चावुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस घडवून घेतलेली ही सुमारे ५७ फुटांची मूर्ती उत्तराभिमुख आहे. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो, दक्षिणेकडून जातो आणि नैर्ऋत्येला मावळतो. त्याचे ऊन भगवंतांच्या पाठीवर, खांद्यांवर, वेलींनी वेढलेल्या दंडांच्या कडांवर पडते. मुखावर दिवसभर पडत नाही. तेथे सूर्य माध्यान्ही उत्तरेकडे सरकतो तो एप्रिलअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच. तो दहापर्यंत थांबला. आकाश अधिकाधिक पांढरे होत गेले आणि मुख सावलीतच राहिले. हिशेबाची सवय कामी आली ती येथे. १९८१चा तो अभिषेक फेब्रुवारीतला. फेब्रुवारीतही सूर्य दक्षिणेलाच असतो. म्हणजे आज्जीने पाहिलेले मुखही उन्हातले नव्हते. हेच होते, सावलीतले, खालच्या खडकावरून परतलेल्या मंद उजेडाने उजळलेले. त्याने मुखासाठी उजेडाचे माप वाढवले, मागचे आकाश पूर्ण पांढरे होऊ दिले, आणि तीन चित्रे घेतली. चौथ्याची गरज नव्हती.

भगवंतांच्या चरणांजवळ दोन्ही बाजूंना लेख आहेत, कन्नडमध्ये, तमिळमध्ये, आणि मराठीत. नागरी लिपीतील त्या दोन छोट्या ओळींतली एक सांगते की चावुंडरायाने ही मूर्ती करवली. दुसरी सांगते की गंगराजाने भोवतीची ओवरी करवली. हा गंगराजा म्हणजे हळेबीडच्या त्या बसदीने ज्याचे स्मरण ठेवले तोच. कित्येक वर्षे हाच मराठीतला पहिला शिलालेख म्हणून शाळेत शिकवला जाई. पुढे रायगड जिल्ह्यातील अक्षीचा इ.स. १०१२चा लेख त्याहून जुना ठरला, आणि बेळगोळच्या या ओळी बाराव्या शतकातल्या असाव्यात असे विद्वान म्हणतात. पहिला मान गेला म्हणून त्यांचे मोल उणे होत नाही. नऊशे वर्षांपूर्वी या डोंगरावर मराठी वाचणारी माणसे येत होती, आणि येथल्यांना त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेत लिहावेसे वाटले. त्यांतले बरेचसे वाटेने मालही नेत असतील.

दुपारी त्याने घरी फोन लावला आणि चढताना पाहिलेल्या डोलीवाल्यांचा दर विचारून ठेवल्याचे आईला सांगितले. आज्जीला विंध्यगिरी चढवता येईल. पुढच्या संघाबरोबर, डोलीत.

परतीचे सहाशे किलोमीटर दोन दिवसांत झाले; त्यांत सांगण्यासारखे काही नाही. रोजमेळ असा निघाला : अंतर सुमारे १,५५० किलोमीटर, पेट्रोल ३५ लिटर, टायरला एक वात, आणि काढलेल्या दोन हजारांहून अधिक छायाचित्रांपैकी राखलेली १४०. वडिलांनी वही शेवटच्या पानापर्यंत वाचली, मिरीच्या ओळीपाशी थांबले, बेरीज तपासली आणि खाली सही केली. ज्या विषयावर परत आल्यावर बोलायचे ठरले होते, ते बोलणे अजून झालेले नाही. फेब्रुवारीत हळद आली, सौदे सुरू झाले, आणि मुलगा गादीवर बसला. आता पावसाळ्यात पेठ थंडावली की पुन्हा किनाऱ्याला जायचे, त्या उतरत्या छपरांवर पाऊस पडताना पाहायचे, असे त्याच्या मनात आहे, आणि वडिलांनी त्याला नाही म्हटलेले नाही.

एक छायाचित्र त्यांनी मागून घेतले आणि चौकट करून दुकानात, वजनकाट्याच्या वरच्या भिंतीवर लावले. माल पाहायला आलेले खरेदीदार हमखास विचारतात, “शेठ, हा उंट कुठला?” मग हळकुंडांचा ढीग तसाच राहतो, आणि वडील त्यांना जिराफाची गोष्ट सांगू लागतात.